शब्बाथचा हुकूम आधी मालकाला आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलंय की रविवारची सुट्टी म्हणजे ख्रिश्चनांचा शब्बाथ, म्हणजे धर्माने नेमलेला आठवड्याचा विसाव्याचा दिवस, इंग्रजांनी तो आपल्या गळ्यात मारला आणि आपण अजून वागवतोय. आणि त्याच आठवड्यात पुरवणीत चौकट होती, ज्यू लोक शब्बाथला काय काय करत नाहीत, लाइट लावत नाहीत, गॅस पेटवत नाहीत, लिफ्टचं बटण दाबत नाहीत, आणि खाली प्रश्न, परंपरा की अंधश्रद्धा? दोन्ही वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय, पत्र लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

मी रिटायर्ड नर्स आहे. माहेर नगरचं, मराठी ख्रिस्ती, आजी-आजोबांपासून चर्च रविवारचं. माझी धाकटी बहीण मात्र सेवेंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट घरात दिली, तेही ख्रिस्तीच, पण ते लोक शनिवार पाळतात. त्यामुळे शब्बाथ कुठला हा वाद आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर, बारशाला, साखरपुड्याला, इतकंच काय एकदा मयताला आलेल्या पाहुण्यांमध्येसुद्धा झालेला आहे. तेव्हा या विषयात मी अगदीच नवखी नाही.

पहिली गोष्ट, शब्बाथ रविवारी नसतो. तो आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शनिवार, आणि तोसुद्धा आपल्यासारखा रात्री बाराला सुरू होत नाही. बायबलच्या पहिल्याच अध्यायात दिवस मोजलाय तो संध्याकाळ झाली आणि सकाळ झाली असा, म्हणून ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी घरातली बाई मेणबत्त्या लावते, जेरुसलेममध्ये तर 40 मिनिटं आधी लावायची रीत आहे. मग द्राक्षारसाच्या पेल्यावर आशीर्वाद, टेबलावर दोन पाव झाकून ठेवलेले, दोन का तर मिसरातून (इजिप्तमधून) सुटून अरण्यात असताना देव आकाशातून मान्ना नावाचं अन्न द्यायचा, शुक्रवारी तो दुप्पट पडायचा त्याची आठवण. आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू लोक, वाइन मिळत नसे तेव्हा मनुका भिजवून त्याचं सरबत करत आणि त्यावर हा आशीर्वाद म्हणत, अजूनही बऱ्याच घरात तेच करतात. शनिवारी रात्री निरोप द्यायचा तो पेला, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती आणि लवंग-दालचिनीसारखा काहीतरी सुवासिक मसाला हुंगून. हे तुमच्या चौकटीत काहीच नव्हतं, नुसती बटणांची यादी!

आता त्या यादीबद्दल. ज्यूंच्या मिश्ना या धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात 39 प्रकारची कामं सांगितलीत जी शब्बाथला करायची नाहीत. नांगरणं, पेरणं, कापणी, दळणं, भाजणं, विणणं, गाठ मारणं, लिहिणं, लिहिलेलं पुसणं, विस्तव पेटवणं, विझवणं, सामान घराबाहेर नेणं वगैरे. ही कामं कुठून आली तर अरण्यात देवाचा निवासमंडप उभारताना जी जी कारागिरी लागली ती सगळी. म्हणजे दमण्याशी याचा संबंध नाही, जड खुर्ची घरातल्या घरात एका खोलीतून दुसरीकडे ओढली तरी चालेल पण काडी ओढायची नाही. माणूस सहा दिवस जग घडवतो बिघडवतो, सातव्या दिवशी त्याने हात आवरायचा. मग यातून वाटा काढणंही आलंच, इस्राएलमध्ये इमारतींना शब्बाथची लिफ्ट असते ती आपोआप मजल्यामजल्यावर थांबत जाते, घरात दिव्यांना टायमर लावून ठेवतात, वस्तीभोवती तार ओढून अख्खी वस्ती एक घर मानतात म्हणजे लेकराला कडेवर घेऊन बाहेर पडता येतं. शुक्रवारीच भांडं मंद आचेवर चढवतात ते शनिवारी दुपारपर्यंत शिजत राहतं. कुणाला ही पळवाट वाटेल, मला विचाराल तर ज्याला नियम तोडायचा असतो तो एवढी डोकेफोड करत नाही, सरळ तोडतो.

आणि सगळ्यात मोठा अपवाद चौकटीत यायलाच पाहिजे होता, तो राहिला. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा. मोडला तरी चालेल असं नाही, मोडलाच पाहिजे. डॉक्टर, नर्स, अ‍ॅम्ब्युलन्स सगळं चालू. याच्यामागे मोठा इतिहास आहे. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमाराला सेल्युसिड राजा अंतियोख याच्याविरुद्ध यहूदियात उठाव झाला, तेव्हा डोंगरात लपलेल्या लोकांवर सैन्याने मुद्दाम शब्बाथला हल्ला केला, त्या लोकांनी दगडसुद्धा उचलला नाही आणि बायकापोरांसकट हजारभर माणसं मारली गेली. त्यानंतर उठावाचा पुढारी मत्तथ्या आणि त्याच्या माणसांनी ठरवलं की यापुढे शब्बाथला कुणी चालून आलं तर लढायचं. हे मी आमच्या त्या अमक्या हॉस्पिटलमध्ये रविवारी ड्युटी करत असताना एका म्हाताऱ्या पेशंटकडून ऐकलं, ते ज्यू होते, अलिबागकडचे. मी बोलता बोलता म्हटलं, आज माझं चर्च बुडलं, तर म्हणाले सिस्टर तुमचं काम शब्बाथच्या वरचं आहे. आमच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी मात्र कायम विचारलं, रविवारी दिसत नाहीस.

अलिबागचा विषय निघालाच तर त्या पत्रलेखकांना एक सांगायचंय. शब्बाथ ही गोष्ट महाराष्ट्रात इंग्रजांनी आणली नाही. रायगड जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाब्यात, गावोगाव बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि लोक त्यांना म्हणायचेच शनिवार तेली, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या ही त्यांची परंपरेने आलेली कथा. कधी आले यावर विद्वानांनी भांडावं, पण शतकानुशतकं हे लोक बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले होते, हिब्रू विसरले, धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या गेल्या, बोलणं मराठी, नेसणं-जेवण कोकणी, आडनावं दिवेकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर. मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं, म्हणजे त्याआधी इतकी वर्षं ना देऊळ ना पुरोहित. राहिलं काय तर मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम, शेमा ही एक प्रार्थना आणि शनिवार. सगळं विसरलेल्या माणसांनी एक दिवस विसरला नाही. आणि घाणा बंद म्हणजे तेल्याबरोबर बैलालाही सुट्टी, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. का ते पुढे सांगते.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात, निर्गमच्या 20 व्या अध्यायात आणि अनुवादच्या 5 व्या. दोन्हीकडे शब्बाथची आज्ञा आहे पण कारण वेगळं. निर्गममध्ये म्हटलंय, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. संडे स्कूलला आम्हाला हेच पाठ. अनुवादमध्ये मात्र म्हटलंय की तू मिसरात गुलाम होतास आणि तुला तिथून सोडवलं याची आठवण ठेव, म्हणून. आणि कोणी काम करायचं नाही याची यादी, तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, दासी, बैल, गाढव, बाकीची जनावरं आणि तुझ्या गावात राहणारा परका, म्हणजे तुझ्यासारखा तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. (यादीत बायको नाही! पंडित म्हणतात तू मध्ये ती आलीच. शुक्रवारचा दिवसभराचा स्वयंपाक आठवला की मला शंका येते, पण असो.) आता बघा, हा हुकूम कुणाला आहे? ज्याच्या हाताखाली माणसं आहेत त्याला आहे. गुलामाला तू विश्रांती घे असं सांगून काय उपयोग, त्याच्या हातात काय असतं? मालकाला सांगितलंय की एक दिवस तुझी सत्ता बंद. त्या काळात हे किती विचित्र वाटत असेल, रोमचा तत्त्वज्ञ सेनेका म्हणायचा की हे ज्यू लोक दर सात दिवसांत एक दिवस रिकामे बसून आयुष्याचा सातवा हिस्सा वाया घालवतात. रोमच्या बड्या घरांत गुलामच गुलाम होते, त्यांचा सातवा हिस्सा वाचला असता हे काही त्याला दिसलं नाही. पुढे तर हेच तत्त्व जमिनीला लावलंय, बायबलच्या लेवीय पुस्तकात दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितलीय, इस्राएलमध्ये धार्मिक शेतकरी अजून ते वर्ष मानतात, मागचं 2021-22 ला झालं.

आता ख्रिस्ती लोकांकडे येते, माझ्याच लोकांकडे. येशू स्वतः ज्यू, शब्बाथला सभास्थानात जायचा हा त्याचा परिपाठ होता असं लूकने लिहिलंय. त्याचं भांडण शब्बाथ पाळावा की नाही यावर नव्हतं, कसा पाळावा यावर होतं. शिष्यांनी शेतातून जाताना कणसं मोडली, वाळलेल्या हाताचा माणूस त्याने शब्बाथला बरा केला, त्यावरून वाद झाला आणि मार्कच्या 2 ऱ्या अध्यायात तो म्हणतो शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथसाठी नाही. आमचे पाळक या वचनावर उपदेश करताना परूशी लोकांना, म्हणजे येशूशी वाद घालणाऱ्या नियमनिष्ठ ज्यूंना, असं काही रंगवतात की जणू ते दगडाचेच होते. पण ज्यूंच्या जुन्या भाष्यात रब्बी शिमोन बेन मेनास्या यांचं जवळपास हेच म्हणणं आहे, शब्बाथ तुमच्या हाती दिलाय, तुम्हाला शब्बाथच्या हाती दिलेलं नाही. हे एकदा तरी वेदीवरून सांगा की राव.

मग रविवार आला कुठून? येशूचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं, म्हणून शिष्य त्या दिवशी जमायला लागले. प्रेषितांच्या कृत्यांत 20 व्या अध्यायात त्रोवस गावी पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमलेत, प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतोय आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा डुलक्या घेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. (जगला. पौल वर जाऊन पुन्हा पहाटेपर्यंत बोलला.) सन 150 च्या आसपास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममध्ये लिहितो की आम्ही सूर्याच्या वारी एकत्र जमतो. पण ही सुट्टी नव्हती हो, रोमन साम्राज्यात गुलामाला रविवारी कोण सुट्टी देणार, उपासना उरकायची आणि कामाला लागायचं. सुट्टी झाली ती 7 मार्च 321 ला, कॉन्स्टंटाईन बादशहाच्या हुकमाने, न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी सूर्याच्या पूज्य दिवशी काम बंद ठेवावं. त्या हुकमात ना येशूचं नाव ना शब्बाथचं. आणि शेतकऱ्याला सूट, म्हणजे पेरणीचा वाफसा निघून जाऊ नये म्हणून त्याने राबावं. बघा, मोशेच्या आज्ञेत दास आणि बैल आधी आणि बादशहाच्या हुकमात शेतावरचा माणूसच बाहेर! त्याच शतकात पुढे लावदिकीयाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी रिकामं बसू नये असा नियम केला, याचा अर्थच असा की तेव्हापर्यंत बरेच जण बसत होते. इथिओपियाच्या जुन्या चर्चमध्ये आजही शनिवार आणि रविवार दोन्हींना मान आहे.

रविवारलाच शब्बाथ म्हणायचं आणि शब्बाथचे कडक नियम त्याला चिकटवायचे हे जोरात केलं ते इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट लोकांनी, सोळाव्या-सतराव्या शतकात. तेच लोक अमेरिकेत गेले, आणि त्यांच्याच परंपरेतल्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी अमेरिकन मराठी मिशन काढलं, 1813 ला मुंबईत आणि 1831 ला नगरला. त्यामुळे माझी नगरची आजी रविवारी सुई-दोरा हातात घेऊ द्यायची नाही, पत्ते तर सोडाच, विटीदांडूही बंद, बटण तुटलं तर सोमवारपर्यंत तसंच. आम्हाला वाटायचं हे बायबलमध्ये आहे! ते बॉस्टनहून आलं होतं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर तर रविवारी पोरांच्या बागेतले झोपाळे साखळीने बांधून ठेवायचे, तिथे स्टॉर्नोवेहून रविवारची फेरीबोट सुरू व्हायला 2009 साल उजाडलं आणि तेव्हाही विरोध झालाच.

तरी मी या लोकांना हसणार नाही. एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटू, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्याने ती शर्यतच सोडली, 400 मीटर पळाला आणि 47.6 सेकंदांत सोनं घेतलं. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची फारसं कुणी सांगत नाही. तो चीनमध्ये मिशनरी म्हणून गेला, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बाकी परदेशी लोकांबरोबर त्यालाही छावणीत डांबलं, तिथे पोरं रविवारी खेळताना मारामाऱ्या करायला लागली तेव्हा हाच माणूस रविवारी शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहिला. स्वतःच्या मेडलसाठी रविवार मोडला नाही, दुसऱ्याच्या पोरांसाठी मोडला. 1945 मध्ये त्याच छावणीत वारला.

बहिणीकडचं थोडक्यात सांगते. अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च 1863 ला अमेरिकेत रीतसर स्थापन झालं, शनिवारचा मुद्दा त्यांनी त्याआधीच्या सेवेंथ डे बाप्टिस्ट लोकांकडून उचलला. शुक्रवारी दुपारपासून त्यांच्याकडे घाई, झाडलोट, स्वयंपाक, इस्त्री, आणि ऊन उतरलं की टीव्ही बंद. शनिवारी सकाळी शब्बाथ शाळा, मग उपासना, मग बहुतेक शाकाहारी एकत्र जेवण. तिचे सासरे माझ्या वडिलांना एकच विचारायचे, दिवस बदलला ते वचन दाखवा. वडील पुनरुत्थान सांगायचे, ते म्हणायचे ते मान्य पण बदलला कुठे. खरं सांगू, सरळ तसं वचन नाही, वडिलांना ते कधी दाखवता आलं नाही. पण वडिलांचाही मुद्दा होता, पौल कलस्सैकरांना लिहितो की सण, अमावास्या, शब्बाथ यावरून कुणी तुमचा न्याय करू नये. भाच्याची कॉलेजची एक परीक्षा शनिवारी आली, अर्ज केला, ऑफिसने ढुंकूनही बघितलं नाही, वर्ष गेलं त्याचं. अशी पोरं दरवर्षी असतात, थोडी असतात म्हणून बातमी होत नाही.

आता मूळ मुद्दा, इंग्रजांनी गळ्यात मारलेली सुट्टी. साहेबांची ऑफिसं रविवारी बंद असायची हे खरं, पण गिरणी चालू असायची, आणि त्यात राबणारा माणूस आठवडाच्या आठवडा राबायचा. 1884 ला नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि मागण्या ठेवल्या, रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पंधरा तारखेच्या आत. लोखंडे सत्यशोधक, दीनबंधुचे संपादक, ख्रिस्ती नव्हेत. रविवार हा खंडोबाचा वार, कामगारांना तोच हवा होता. मालक सहा वर्षं दाद देईनात, शेवटी 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तेव्हा ही सुट्टी कुणी दिलेली नाही, मागून, भांडून घेतलेली आहे. आणि माझ्या मते अनुवादच्या 5 व्या अध्यायाच्या जवळ जायचं तर लोखंडे आमच्या पुष्कळ बिशपांपेक्षा जवळ गेले.

कारण आमचं काय चाललंय बघा. रविवारी उपासना झाली की चर्चच्या दारातच अर्धी मंडळी मोबाइलवर बिर्याणी ऑर्डर करतात. आणणाऱ्या पोराला वीकली ऑफ नाही, कारण तो नोकर नाही म्हणे, पार्टनर आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन आठवड्याचे सातही दिवस असतो. माझ्या माहितीतल्या एका चर्चमध्ये झाडू मारणाऱ्या बाईंना रविवारी तर डबल काम आणि बदली सुट्टी द्यायची हे कमिटीत कुणाला सुचलेलं नाही, मी विषय काढला तर म्हणाले सिस्टर, ती सेवा आहे. महाराष्ट्रातल्या 2017 च्या दुकानं-आस्थापना कायद्याने दुकान वर्षभर उघडं ठेवता येतं, ठेवा ना, पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणं सक्तीचं आहे. शनिवार घ्या नाहीतर रविवार नाहीतर मंगळवार. आमच्या घरकामाच्या ताईंना मी रविवार देते, त्यांना गुरुवार हवा असता तर तोही दिला असता, आणि यात मी काही पुण्य करत नाही, भांडी एक दिवस मीच घासते एवढंच.

शेवटी तुमच्या चौकटीतली एक चूक राहिली. ज्यू लोक शब्बाथला पेपरसुद्धा वाचत नाहीत असं छापलंय. वाचणं हे त्या 39 कामांत नाही. धंद्यापाण्याच्या बातम्या टाळाव्यात असं म्हणतात, बाकी तुमचा शनिवारचा अंक आदल्या दिवशी छापलेला असला तर खुशाल वाचावा. फक्त शब्दकोडं सोडवता येणार नाही, लिहिणं मना आहे, आणि मिश्नाचा हिशोब असा की दोन अक्षरं लिहिली की ते काम झालं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे